पेन्सिलीतले गुण

शेवंती भोईरच्या नावापुढे पेन्सिलीने आठ लिहिले होते. पंचवीसपैकी. पास व्हायला नऊ लागतात.

टिपणीस सरांनी तो आकडा पाहिला आणि समोरची वड्यांची बशी बाजूला सारली. ते ठाण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि कल्याणच्या या शाळेत बाहेरचे परीक्षक म्हणून आले होते. साल अठ्ठ्याऐंशी. दहावीच्या टेक्निकलच्या मुलांनी वर्षभर कानशीने घासून केलेले जॉब तपासायचे आणि गुण द्यायचे, हे त्यांचं काम. प्रत्यक्षात गुण शाळेचे शिर्के सर आधीच पेन्सिलीने देऊन ठेवत. परीक्षकाने त्यावर शाई फिरवायची, जेवायचं आणि निघायचं. ही पद्धत टिपणीसांना पाठ होती.

टेबलावर एक्केचाळीस जॉब मांडले होते. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, एकात व्ही आकाराची खाच, दुसऱ्याला तसंच टोक. एकमेकांत बसले पाहिजेत. त्यातले तीस एका आईची लेकरं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कुठल्यातरी मशीनवर एका दुपारी जन्मलेले, एकाच डब्यातलं तेल प्यालेले. एकाच्या पाठीवर तर कारखान्याचा शिक्काही राहून गेला होता. शिक्केवाल्याला बावीस होते. भिंतीवर शिर्के सरांची नियमावली फ्रेममध्ये होती. दर जूनला ते ती वर्गात वाचून दाखवत. नियम पहिला : जॉब स्वतःच्या हाताने करावा, विकतचा आढळल्यास शून्य. दसऱ्याला घातलेला हार फ्रेमवर अजून वाळत होता.

टिपणीसांनी शेवंतीचा जॉब उचलून खिडकीकडे धरला. दोन तुकड्यांमधून उजेड येत नव्हता. एक तुकडा उलटा करून बसवला. तरी येत नव्हता. सतरा वर्षांच्या नोकरीत असा जॉब त्यांनी क्वचितच पाहिला होता.

आठ का, असं त्यांनी विचारलं. शिर्के सरांनी शांतपणे समजावून सांगितलं. जॉबला पाचच गुण, बाकीचे वीस शिस्तीचे. जर्नलला खाकी कव्हर नाही, ते गुण गेले. एप्रन शिवलेला नाही, बापाच्या शर्टाच्या बाह्या कापून केलेला, ते गेले. शनिवारी उशीर, सकाळी आईबरोबर बाजारात बसावं लागतं म्हणे, तेही गेले. शेवटी त्यांनी तिचं जर्नल दोन बोटांत धरून पुढे केलं. पहिल्याच पानावर लाल शाईत शेरा होता : 'वास येतो.' त्याचे पाच कापले होते. टिपणीसांनी वास घेऊन पाहिला. येत होता, सुक्या बोंबलाचा. आकृत्या मात्र छापल्यासारख्या होत्या.

तोंडी परीक्षेला तिला आत बोलावलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी. बाप गोमाजी, होडी आहे. तिने उत्तरं सरळ दिली. एक आलं नाही, तेही सरळ येत नाही म्हणाली. जॉबला किती दिवस लागले असं विचारल्यावर एकवीस शनिवार म्हणाली आणि तळहात पाठीमागे नेले.

"घरात कोणी हात लावला याला?"

"आयेने लावलेला, सर. बोलली, याचं करायचं काय?" ती जरा थांबली. "सर, या मार्कांवर डिप्लोमाला नंबर लागतो ना? बाबा बोलले, नंबर लागला तर शीक. नाय तर टोपली हायेच."

बघू, असं टिपणीस म्हणाले. नंबर लागायला वीसच्या वर हवे होते.

मुलगी गेली. टिपणीसांनी खिशातून खोडरबर काढलं आणि आठ खोडून टाकले. मग ते बोलले, आणि बरंच बोलले. किळस येते, म्हणाले. ज्यांनी कानस कुठल्या बाजूने धरायची हे पाहिलेलं नाही त्यांना बावीस. बाप कारखान्यात शब्द टाकतो आणि पोराच्या हातात कला उतरते. उद्या हेच पूल बांधणार आणि आपण त्यावरून जाणार. या मुलीला ते तेवीस देणार होते आणि शिक्केवाल्याला शून्य. नियमावली काही त्यांची नव्हती, शिर्के सरांचीच होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. इतकं स्वच्छ त्यांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

शिर्के सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आलेला दिसला नाही. दगडू शिपायाला त्यांनी आणखी दोन चहा सांगितले. चहा आल्यावर एक कप टिपणीसांपुढे सरकवत म्हणाले, "उद्या तुमच्या शाळेत परीक्षक मी आहे. तुमची मुलगी, उत्तरा, यंदा दहावीलाच ना? टेक्निकललाच. जॉब फार सुरेख झालाय म्हणे तिचा. तुमच्या शेजारी आमचे मेहुणे राहतात. ते सांगत होते, महिनाभर तुमच्या गॅलरीतून कानशीचा आवाज यायचा. आणि मुलगी बिचारी खाली बॅडमिंटन खेळत असायची."

चहावर साय धरली. टिपणीसांनी फुंकर मारून कागदावरचा रबराचा भुगा उडवला. शिक्केवाल्याच्या बाविसावर त्यांनी शाई फिरवली. मग खोडलेल्या जागी, ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाच्या सुबक अक्षरात, नऊ लिहिले.

"एक वाढवून दिलाय," ते शिर्के सरांना म्हणाले. "गरिबाच्या मुलीचं नुकसान नको व्हायला."