देव शेजारी गेले तेव्हा

“गॅलरी आता घरात आली,” आई म्हणाली. “त्यामुळे अंडी बंद.”

बाबा तवा हातात धरून तसेच उभे राहिले. आमच्या घरात अंडी चालत नसत, म्हणून दर रविवारी बाबा गॅलरीत स्टोव्ह पेटवून आम्हा भावंडांना अंडी आणि तुपात तळलेला ब्रेड खाऊ घालत. आईच्या लेखी गॅलरी म्हणजे परमुलूख. ती तिकडे फिरकतही नसे. पण काल सुताराने मधली लाकडी भिंत काढून बाहेरून काचा बसवल्या आणि परमुलूख थेट देवघराला येऊन चिकटला.

“अगं, हा एकच नाश्ता मुलं न भांडता खातात.”

“मला काय सांगता? देवांना चालत नाही.”

“मग देवांना पाठव तासभर दांडेकरांकडे!”

बाबा वैतागून बोलले होते. आईने मात्र त्यावर नीट विचार केला आणि शेजारी जाऊन विचारूनही आली. दांडेकर काकूंची हरकत नव्हती, फक्त नैवेद्य ज्याचा त्याने पाठवायचा होता.

पुढच्या रविवारी मी ताम्हनात देव घेऊन निघालो. बाळकृष्णाला आईने रुमालात गुंडाळलं होतं. “त्यांच्या अन्नपूर्णेजवळ बसव. नवीन जागी बावरतो तो.”

परत आलो तेव्हा ब्रेड तुपात चुरचुरत होता आणि आई ताटली घेऊन तव्यासमोर बसली होती.

“देव पोचले नीट?”

“हो.”

“दार लाव,” ती म्हणाली आणि बाबांकडे वळली. “माझ्यातलं पिवळं फुटू देऊ नका हं.”