गोड बोलण्याचा आजार

"काय रे, जेवलास का?" मन्सूरचाचांनी गेटच्या आतून विचारलं.

"नाही. तुम्ही ताट वाढून ठेवलंय असं कळलं, म्हणून पळत आलो," बाहेरून कोंडीराम म्हणाला. त्याच्या पाठीवर बटाट्याचं पोतं होतं.

"घे गं याला आत," चाचा म्हणाले. श्रद्धाने कुलूप काढलं आणि तो आत येताच पुन्हा लावलं.

वाघोलीतल्या त्या सोसायटीत तपासणी म्हणतात ती एवढीच. पहिल्या साथीत ताप यायचा, तो मोजता तरी यायचा. दुसरा भाग पहिल्यापेक्षा भिकार निघतो हे काही फक्त सिनेमाचंच नाही. या साथीत ताप नाही, खोकला नाही. लागण झालेला माणूस आधी गोड बोलायला लागतो. चौकशी करतो, कौतुक करतो. त्याला आत घेतलं, त्याचा हात अंगाला लागला की मग संपलंच. सी विंगमध्ये अशाच एका मायाळू मावशींना कुणीतरी दार उघडलं होतं. तो जिना आता विटा रचून बंद केलाय आणि तिकडे कुणी बघत नाही. त्यातल्या त्यात पुण्याच्या माणसाचं एक बरं, खवचट उत्तर आलं की तो धडधाकट आहे हे कळतं. यंदा संक्रांतीला कुणी कुणाच्या हातावर तिळगूळ ठेवला नाही.

"अप्पा कुठायत?" श्रद्धाने विचारलं. तिचे वडील रंगनाथराव कोंडीरामबरोबरच मार्केट यार्डात धान्य शोधायला गेले होते.

"स्वारगेटला चुकामूक झाली," कोंडीराम तिच्याकडे न बघता म्हणाला आणि पोतं घेऊन निघून गेला.

तिच्या गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची निळी फीत होती. आयटी कंपनी गेली, फीत राहिली, तिला आता गेटची किल्ली. अप्पा परत येतील का, याची तिला धास्ती होती. आल्यावर ते चाचांच्या प्रश्नात अडकतील, अशी मात्र अजिबात नव्हती. ती बारावीला पहिली आली तेव्हा ते म्हणाले होते, "वर्गात एकटीच होतीस का?" नोकरी लागली तेव्हा म्हणाले, "त्यांना दुसरं कुणी मिळालं नाही वाटतं."

ऐन दुपारी, सगळी सोसायटी आडवी झालेली असताना, अप्पा नगर रस्त्याने चालत आले. पायात चप्पल नव्हती.

"काय रंगनाथराव, जेवलात का?" चाचांनी विचारलं.

अप्पा हसले. "तुम्ही जेवलात का, मन्सूरभाई? किती वाळलात हो." मग ते श्रद्धाकडे वळले. "आणि तू गं, बाळ? किती दमलीस. एवढ्या सगळ्यांना सांभाळतेस. माझी गुणाची पोर."

चाचांनी मान खाली घातली. श्रद्धाचा हात किल्लीसकट कुलपापाशी गेला होता. तो कधी गेला ते तिलाही कळलं नाही. हे ऐकायला ती जन्मभर आसुसली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "एक टोमणा मारा ना. कसलाही. माझ्या स्वयंपाकावर मारा."

अप्पा विचारात पडले. खरोखरच काहीतरी आठवून पाहत होते.

"तुझ्या हातच्या आमटीला तोड नाही," ते शेवटी म्हणाले. "तुला टाकून कसं बोलवेल मला?"

"बेटा, मागे ये," चाचा हळूच म्हणाले.

श्रद्धाने गळ्यातली फीत काढून त्यांच्या हातात दिली. "तुमच्याकडे ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

पोर शहाणी आहे, चाचांना वाटलं. किल्ली मुठीत धरून ते लगबगीने वॉचमनच्या खोलीकडे गेले.

श्रद्धाने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि गेटला अगदी खेटून बसली.

"अप्पा, मला नोकरी लागली तेव्हा तुम्हाला खरं काय वाटलं होतं?"

"अगं, गल्लीभर पेढे वाटत सुटावंसं वाटलं होतं," अप्पा सांगू लागले. बोलता बोलता त्यांचा हात गजांतून आत आला. नखं काळीनिळी पडली होती.

श्रद्धाने डोकं थोडं पुढे केलं, तो हात पोचावा म्हणून.