पांढरे दात

“तुम्हाला पाहणीत धरता येणार नाही.” दातांच्या डॉक्टर सुरुचीनं श्रद्धाच्या तोंडातला आरसा बाहेर काढला.

“का?”

“ही पाहणी फक्त याच गावात वाढलेल्यांची आहे. इथल्या हापशाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणी जे पाणी पोटात जातं, त्याचे डाग पक्क्या दातांवर उमटतात आणि जन्मभर राहतात; वर्षानुवर्षं प्यायलं, तर हाडंही ताठरतात. सकाळपासून जो तोंड उघडतो त्याला डाग आहेत. तुम्हाला एकही नाही. बाहेरचं माणूस मोजलं, तर गावाचा आकडा चुकतो.”

“मी इथंच जन्मले. इथंच वाढले.”

“दात तसं म्हणत नाहीत.”

शाळेच्या ओसरीत रांगेला बसलेल्या बाया तपकिरी दात दाखवून हसल्या. एक म्हणाली, “आम्ही म्हणतच होतो, हिला बोहारणीकडून घेतली!”

श्रद्धाला हसू आलं नाही. हे ऐकतच ती मोठी झाली होती. घरातही तिचा माठ वेगळा होता. भाऊ केदार सगळ्यांच्या रांजणातलं पाणी प्यायचा. तिला मात्र त्या रांजणाला हात लावायची बंदी. एकदा मैत्रिणींबरोबर हापशाला तोंड लावलं, तर मायनं वळ उठेपर्यंत मारलं होतं. परक्याच्या लेकराला असंच निराळं ठेवतात, हे तिच्या मनानं तेव्हाच घेतलं. मायला एकदा विचारायचं होतं. मागच्या महिन्यात माय गेली. पाठीचा कणा लाकडासारखा धरला होता; तिरडीवरही तिला सरळ निजवता आलं नाही.

श्रद्धा खुर्चीवरून उठली.

“बस खाली,” शेजारची सगुणाबाई रांगेतून पुढं आली. “डॉक्टरीणबाई, हिला मोजा. माझ्या हातावर जन्मली ही.”

“मग दात असे कसे?”

“हिचा भाऊ चालायला लागला अन् त्याचे पाय वाकले. जालन्याच्या दवाखान्यात सांगितलं, हापशाचं पाणी लेकराला देऊ नका. त्याचं तं होऊन गेल्तं. मंग ही झाली. हिच्यापुरतं पाणी हिची माय कडूबाच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीवरून आणायची. तांबडं फुटायच्या आत दीड कोस जायचं, दीड कोस यायचं. उन्हाळ्यात झरा धरून वाटीवाटीनं भरायची. हिचे दुधाचे दात पडून नवे येईस्तोर एक दिवस खाडा न्हाई.”

रांगेतलं हसणं थांबलं. सुरुचीनं आरसा पुन्हा हातात घेतला.

श्रद्धा सगुणाबाईकडं वळली. “मंग ती सोता का न्हाई पिली त्यातलं, मावशी?”

सगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“एक घागर डोक्यावर, कडेवर तू. दुसऱ्या घागरीला जागा कुठं होती, बाई?”