पलीकडचा पिंजरा

“पलीकडच्यांना लवंगेचा वास येतो. आम्हाला ते औषध कधी?” उंदराच्या गळ्यातल्या पट्ट्यातून स्वच्छ मराठीत आवाज आला.

शाल्मलीचा हात थबकला. शिशाचं विष दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांना तिनेच पाजलं होतं. लवंगेचा अर्क मात्र एकाच पिंजऱ्याला मिळत होता. प्राण्यांचं मनातलं बोलून दाखवणारे हे पट्टे प्रयोगशाळांत सक्तीचे होण्याआधीही तिने असे कितीतरी प्रयोग केले होते, पण तेव्हा कुणी काही विचारत नसे.

“सर, यांनाही देऊ या का?” तिने डॉ. तुंगारेंना विचारलं.

“मग गुण अर्काने आला, हे सिद्ध कसं करणार? शिशाने आजारी पडलेली मुलं या औषधाची वाट बघताहेत, शाल्मली.”

तेही खरंच होतं. “देते हं,” असं तिने उंदराला सांगितलं आणि दिलं नाही.

प्रयोग यशस्वी झाला. पलीकडचे उंदीर टुणटुणीत राहिले. मग तिने या उंदराच्या तोंडाशी अर्काचा थेंब धरला. आता उपयोग नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्याने तो सावकाश चाटला.

“मी आता बरा होईन ना?”

पट्टा बंद करायचं बटण तिच्या बोटाखालीच होतं. तिने ते दाबलं नाही. “हो रे,” ती म्हणाली, आणि आवाज थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली.