अठ्ठावीस डिसेंबर

हवा भरायचा पंप आणायला मामाने लवंगीला क्रीडाखोलीत पाठवलं, आणि कपाटात पंपाखाली तिला व्हॉलीबॉलसाठी निवडलेल्या बारा मुलींची यादी सापडली. निवड चाचणी तर अजून सुरूही व्हायची होती.

अक्षर मामाचंच; मुलींचा प्रशिक्षक तोच. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, आणि सगळ्या तारखा जानेवारी ते एप्रिलमधल्या. लवंगी अठ्ठावीस डिसेंबरची. वयोगट एक जानेवारीपासून मोजतात. चार दिवस आईच्या पोटात आणखी दम धरला असता, तर पुढच्या गटात तीच सगळ्यांत थोरली ठरली असती. पण लवंगीबाईंना जन्मापासूनच घाई. आता ती गटातलं शेंडेफळ होती, आणि पंधरा वर्षांखालच्या संघात शिरायची ही शेवटची संधी होती.

पंप आणि यादी घेऊन ती मैदानावर आली. मामा जाळीची दोरी ताणत होता.

"मामा, हे आधीच ठरलंय?"

मामा ओशाळला, पण क्षणभरच. मग समजुतीच्या सुरात सांगू लागला. वरून सांगणंच असतं, आधी उंची बघा. जानेवारीची पोर आणि डिसेंबरची पोर यांच्यात वर्षभराच्या वाढीचा फरक, जाळीपाशी तोच दिसतो. डिसेंबरच्याही वाढतात, नाही असं नाही, पण स्पर्धा तोवर थांबत नाहीत.

तीन वर्षं तो तिला पहाटे सायकलवर डबलसीट घेऊन येत होता. झोपमोड होते म्हणून आई कुरकुरायची, तेव्हा तोच भांडायचा. पुढच्या वर्षी तुझं नाव नक्की, असं दर वर्षी म्हणायचा. त्याचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ वाटायचा.

"मग मला रोज कशाला आणत होतास?"

"अगं, फटक्यासाठी तुझ्याइतका अचूक चेंडू उचलून कोण देतं? त्या बाराही जणी तुझ्या हातावर तयार झाल्यात."

हे तो कौतुकाने म्हणाला. केसाने गळा कापला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. लवंगीला रडू आलं नाही. राग आला, आणि आपण इतकी वर्षं इतक्या खुशीत उठत होतो याची लाज वाटली.

निवड समितीचे दोघे खुर्च्यांवर येऊन बसले. मामाने तिला हळूच जाळीशी उभं केलं. आजही तूच चेंडू दे, म्हणाला, पोरींचे फटके उठून दिसले पाहिजेत.

मामाने लवंगीकडे चेंडू टाकला. यादीतली पहिली मुलगी, लवंगीपेक्षा हातभर उंच, धावत आली आणि झेपावली. तिचा हात वरून सणसणत खाली आला आणि रिकाम्या हवेतून गेला.

लवंगीने चेंडू पोटाशी घट्ट धरला होता. मामाने शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली.