शिंपल्यांची रेघ

"पप्पा, गाडी मी चालवू?"

विचारून झालं एकदाचं! पौर्णिमाच्या तोंडून हे निघणारच नाही, अशी गजाला आणि आचल या मैत्रिणींनी पैज लावली होती. गजालाच्या भावाच्या जुन्या गाडीवर बडनेरा रोडला तिने गुपचूप हात साफ केला होता, पण घरी कोणाला पत्ता नव्हता.

गोवर्धनरावांनी आरशातून असं पाहिलं, जणू लेकीने विमान मागितलं.

"येडी झाली का? आपल्या घरची हाये का गाडी? रविवारी अकोल्याले चंद्रभानजींच्या दारात उभी करायची हाये. एक ओरखडा नोको."

म्हणून तर सीटवरचं प्लॅस्टिकही काढायचं नव्हतं. अमरावतीपासून चौघंही त्याला चिकटून बसली होती. जरा हललं की चर्र. गाडी चार दिवस हाती आहे तर पोरींना समुद्र दाखवून आणू, ही कल्पना आईची. पप्पा हो म्हणाले आणि तेव्हापासून पस्तावत होते.

नगरजवळ पंक्चर झालं. मोबाइलने दाखवलेली वाट एका पोल्ट्री फार्मच्या फाटकाशी जाऊन संपली. घाटात धाकट्या खुशीला उलटी झाली, तर आईने ती चक्क आपल्या पदरात झेलली. गाडी वाचली!

महाडला आईने हातगाडीवरून संत्री घेतली.

"इकतची संत्री?" खुशी म्हणाली. "आपल्या शेंदूरजन्याच्या बागेतली नाही आनली?"

आई साल काढत राहिली.

तेवढ्यात चंद्रभानजींचा फोन आला. पप्पांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि उभ्यानेच बोलू लागले. "हो जी... दारातच उभी हाये जी... झाकून ठेवली... नाही नाही, चालवतो कायले?" मागून ट्रकने कर्णकर्कश हॉर्न दिला. पप्पांनी फोन छातीशी दाबला.

"काय म्हणत होते?" पौर्णिमाने विचारलं.

"गाडीचंच."

"आणखी?"

"आणखी काय राहते बावा?"

पौर्णिमा खिडकीबाहेर पाहू लागली.

दापोलीच्या पुढे समुद्र दिसला आणि सगळे चर्र करून एकदम पुढे सरकले. ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं, मधे घट्ट, ओली, चकाकती वाळू. आई चपला हातात घेऊन पोरीसारखी पळाली. पप्पासुद्धा हसले.

पौर्णिमा शहाळी आणायला गेली. शहाळेवाल्या मावशीशी ती बराच वेळ बोलत होती. मावशीने कोयता उचलून वर, ओढून ठेवलेल्या होड्यांकडे दाखवलं. तिथे वाळलेल्या शिंपल्यांची एक लांब रेघ होती.

परत आली ती हात पुढे करूनच. "पप्पा, इथं तरी द्या नं चावी! इथं कोणाले धडकनार मी?"

शहाळ्याने पोट गार झालं होतं. पप्पांनी चावी दिली. आणि पोरीने काय सुंदर चालवली! एक मोठा गोल घेतला आणि गाडी थेट पाण्याजवळ नेऊन लावली.

"इथं फोटो मस्त येईल," ती ओरडली.

"राहू दे तिथंच," पप्पा म्हणाले. "हिवाळ्यात पूर्णेच्या पात्रात नाही का लावत आपण?"

मग ते खडकांपर्यंत चालत गेले. खुशी थकली, तरी पौर्णिमाने "अजून पुढं खेकडे आहेत" म्हणत सगळ्यांना वळणापलीकडे नेलं. बऱ्याच वेळाने परतले, तर गाडीच्या चाकांभोवती पाणी होतं.

पप्पा धावले. चावी फिरवली, चाकं गरगरली आणि आणखी खाली गेली. आईने साडी खोचून मागून लोटलं. खुशी रडू लागली. गावातून ट्रॅक्टर आला. दोर बांधला, तो तुटला. दुसरा मिळेपर्यंत पाणी खिडक्यांपर्यंत चढलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आता पाणी उतरल्यावरच काय ते."

पप्पा कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आले आणि मटकन बसले. सीटचं प्लॅस्टिक फुगून काचेला लागलं होतं.

"पोरीच्या हाती गाडी कावून देली तुमी?" आई ओरडली.

"तिले नोको बोलू," पप्पा म्हणाले. "तिले काय मालूम? आपल्याकडलं पानी असं मागं येते का कधी?"

खिशात फोन वाजू लागला. चंद्रभानजी. पप्पा नुसते त्या नावाकडे पाहत राहिले.

पौर्णिमा त्यांच्यासमोर वाळूत बसली. पप्पांनी आपली बाजू घेतली नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने फोन त्यांच्या हातातून घेऊन बंद केला.

"मले मालूम होतं, पप्पा. पानी शिंपल्यांच्या रेघेपर्यंत येते, हे मावशीले विचारूनच लावली मी गाडी. हुंड्यात द्याले बाग इकून घेतलेली गाडी गेली. आता त्याईले सांगा, रविवारचं साक्षगंध नाही. त्याईच्या श्यामसंग मी लगन करत नाही."