उपटता न येणारा खांब

"चाकाचा घ्या, अप्पा," दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला. "खालच्या टाकीत पाणी भरलं की झालं. उद्या घर बदललं तर ढकलत न्यायचा."

"न्हाई," बसवराज अप्पा म्हणाले. "जमिनीत रोवायचा द्या. कुणाला उपटता येऊ नये असा."

अप्पांची बायको गौरम्मा त्या चाकांवरून हात फिरवत उभी होती. "चाकाचाच बरा हाय की. कधी गावाकडं देवणीला न्यावा वाटला तर नेता यील."

"कशाला न्यायचा देवणीला?"

गौरम्माकडे उत्तर होतं, पण ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. ती पदर सावरून क्रिकेटच्या बॅटी बघत बसली.

"अप्पा म्हणतील तसं," मागून अमरनाथ म्हणाला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. लातूरचं घर त्याचं, अंगण त्याचं, पण बास्केटबॉलचा खांब कुठला नि कुठं, हे सगळं त्यानं अप्पांवर सोडलं होतं.

"पोरगा गुणाचा हाय तुमचा," दुकानदार बिल करता करता म्हणाला.

"हाव. लई गुणाचा हाय," अप्पा म्हणाले, आणि उगाचच खिशात रुमाल शोधू लागले.

हा सगळा खटाटोप शिवांगीसाठी होता. दहा वर्षांची नात. तिनं आता आईबरोबर, अंबिकाबरोबर, लातूरला राहायला यायचं ठरलं होतं, आणि ती साफ नाही म्हणत होती. देवणीच्या अंगणात तिची रिंग होती. तिच्या बापानं लोखंडी पट्टी वाकवून भिंतीवर ठोकलेली. ती सोडून कुठं जाणार नाही, म्हणायची. आजी-आजोबांनी, तिच्या अव्वा-अप्पांनी, खुशाल ठेवून घेतलं असतं. तेच तर अप्पांना नको होतं. आई एकीकडं, लेकरू एकीकडं, असं झालं तर दोघींचीही परवड होणार. आणि अप्पांनी एकदा मनात घेतलं की साक्षात महादेव खाली उतरला तरी ते ऐकायचे नाहीत.

"आठ दिवसांत उभा राह्यला पायजे," त्यांनी दुकानदाराला बजावलं. "घरात कार्य हाय."

मिस्त्री रामलिंगनं दुसऱ्याच दिवशी खड्डा घेतला. "काळी माती हाय, अप्पा. पावसात फुगती, उन्हात भेगाळती. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागंल."

"जा की. खोल जाऊ दे."

अंबिका चहा करायला आत गेली. साखर काही सापडेना. एकट्या माणसाचं घर, डबे कसेही मांडलेले. शेवटी अमरनाथनंच खिडकीतली बरणी काढून दिली.

मुरूम लागला. गौरम्मानं खड्ड्याच्या काठाला विभूती लावली, नारळ फोडला. मग अप्पांनी उपरण्याची गाठ सोडली आणि मूठभर माती खड्ड्यात टाकली.

"शेतातली हाय," ते म्हणाले. "चिंचेखालची."

गौरम्मानं पदर तोंडात कोंबला. रामलिंग हसला. शेतकऱ्याचा जीव मातीत अडकलेला असतो, हे त्याला काय नवीन होतं? त्यानं काँक्रीट ओतलं, त्यात बोल्ट उभे केले. "सुकू द्या. तवर हात लावू नका," असं सांगून गेला.

आठवड्यानं खांब उभा राहिला. रिंगची उंची अप्पांनी स्वतः बघितली. देवणीच्या रिंगला सुतळी लावून त्यांनी माप आणलं होतं.

शिवांगी बॉल काखेत धरून लांबच उभी राहिली.

"खाली घेऊ का अजून?" अमरनाथनं विचारलं.

तिनं अप्पांकडे पाहिलं.

"देवणीइतकीच हाय, बाळा. टाकून तर बघ."

पहिला बॉल चुकला. दुसराही चुकला. तिसरा रिंगमधून खाली आला, टप्पे घेत अमरनाथच्या पायाशी गेला. त्यानं तो उचलला आणि जीव खाऊन फेकला. बॉल थेट कंपाउंडच्या बाहेर! शिवांगी खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"असं न्हाई ओ. मी शिकवीन तुम्हाला," ती म्हणाली. मग अप्पांजवळ येऊन हळूच म्हणाली, "राहते मी इथं. पण तुम्ही अन् अव्वाबी राहा ना."

"येत जाऊ की आम्ही."

जे मागितलं ते मिळालं होतं. अप्पा खांबाकडे गेले, दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला. खांब हलला नाही. त्यांनी कपाळ त्याला टेकवलं आणि कुणाला दिसणार नाही असे रडले.

दुसऱ्या दिवशी कार्य होतं. अंगणात मांडव पडला. शिवांगीनं हट्टानं खांबालाही आंब्याचं तोरण बांधलं. अक्षता वाटल्या जात होत्या. शेजारी नव्यानंच राहायला आलेल्या महानंदाबाई गौरम्माजवळ येऊन बसल्या.

"तुम्ही अमरनाथच्या आई न्हवं?"

गौरम्मा मुठीतल्या अक्षता चाळवू लागली.

"न्हाई, बाई," अप्पा म्हणाले. "आमचा लेक शेतात चिंचेखाली मातीत निजलाय. आम्ही मुलीकडचे. नवरी आमची सून हाय."